इंग्रजी शिकवायला शिकताना : २४ क्रेडिटांचा हिशेब

नोव्हेंबर १६१५ मध्ये सर टॉमस रो बुऱ्हाणपुरात उतरला. इंग्लंडचा राजा पहिला जेम्स याचा हा वकील सुरतेहून अजमेरला जहांगिराच्या दरबारी निघाला होता. त्याला व्यापाराच्या सवलती हव्या होत्या. वाटेत बुऱ्हाणपूर लागलं आणि तिथे शहजादा परवेझचा मुक्काम होता. रोला फारशी येत नव्हती. परवेझला इंग्रजी येण्याचा तर प्रश्नच नव्हता. दुभाष्याशिवाय पान हलेना. ज्या गावात हे घडलं, तिथल्या जामा मशिदीत अरबीबरोबर संस्कृत शिलालेखही कोरलेला आहे. म्हणजे बुऱ्हाणपूरला एका भाषेत कधी भागलंच नाही.

आजही भागत नाही. बुऱ्हाणपूर जिल्ह्यातल्या दापोऱ्याच्या घराघरांत मराठी आहे, तीही खानदेशी वळणाची. शाळेचं पुस्तक हिंदीत असतं. बाजारात हिंदी, उर्दू आणि मराठी एकाच वाक्यात नांदतात. खांडव्याकडे गेलं की निमाडी कानावर पडते आणि सातपुड्याच्या बाजूला कोरकू आणि बारेली. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत हा मुलूख मध्य प्रदेशात राहिला, पण नातीगोती, सोयरिकी आणि केळीचा व्यवहार सीमेपलीकडच्या रावेर-सावद्याशी चालूच राहिला. अशा गावातल्या मुलाच्या दप्तरात इंग्रजी ही तिसरी किंवा चौथी भाषा म्हणून येते. ती कशी शिकवायची याचं शिक्षण मात्र बी.ए. करणाऱ्याला मिळत नाही. ते पुढे बी.एड.मध्ये बघू, असं म्हणून पुढे ढकललं जातं.

नव्या शैक्षणिक धोरणाने इथे एक फट उघडली आहे. मध्य प्रदेशाने २०२१-२२ पासून पदवीच्या पहिल्या वर्षाला नवी रचना लागू केली: मुख्य विषय, गौण विषय, वैकल्पिक विषय, व्यावसायिक विषय, आधार पाठ्यक्रम आणि जोडीला फील्ड प्रोजेक्ट किंवा इंटर्नशिप. विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये देशभरासाठी आराखडा काढला. त्यात तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० क्रेडिट आहेत आणि त्यातले २४ गौण विषयाचे. चार वर्षांच्या पदवीला १६० पैकी ३२. महाराष्ट्राच्या आराखड्यात ही संख्या थोडी कमी, १८ ते २० आहे. कुठलाही आकडा धरला तरी गौण विषय आता नावापुरता उरलेला नाही. त्या जागेत एक हुन्नर बसू शकतो. इंग्रजी ज्यांची मायबोली नाही त्यांना ती शिकवण्याचा हुन्नर तिथे का बसू नये?

अमेरिकेतल्या विद्यापीठांत तो केव्हाच बसला आहे. तिथे या हुन्नराचा गौण अभ्यासक्रम साधारण पाच-सहा विषयांचा असतो. भाषाविज्ञानाची ओळख, शिक्षकासाठी व्याकरण, दुसरी भाषा माणूस कशी शिकतो, अध्यापनाच्या पद्धती आणि शेवटच्या सत्रात प्रत्यक्ष वर्ग. रचना पाहायला नीटस आहे. ती जशीच्या तशी तापीकाठी आणली तर मात्र फसेल, आणि फसण्याची जागा तो शेवटचा वर्गच आहे.

आधी एक घोळ निस्तरायला हवा. आपल्याकडच्या कितीतरी महाविद्यालयांत इंग्रजी हा विषय म्हणजे इंग्रजी साहित्य. शेक्सपिअर, वर्ड्‌स्वर्थ, एखादी कादंबरी, अलंकार आणि छंद. हे वाचावंच, पण वर्ड्‌स्वर्थवर उत्तम टिपण लिहिणारा पदवीधर सहावीच्या वर्गात उभा राहतो तेव्हा ‘ही गो’ म्हणणाऱ्या मुलाला ‘ही गोज’कडे कसं न्यायचं हे त्याला कुणीच सांगितलेलं नसतं. मग तो आपल्या मास्तरांनी जे केलं तेच करतो. धडा वाचतो, ओळीओळीचा अर्थ मराठीत किंवा हिंदीत सांगतो, प्रश्नोत्तरं फळ्यावर लिहून देतो आणि मुलं ती उतरवून घेतात.

या पद्धतीला मराठीत मोठी परंपरा आहे आणि तिची टिंगल करण्यात अर्थ नाही. द्वारकानाथ राघोबा तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर मराठी माणसाच्या पिढ्या इंग्रजी शिकल्या. मराठी वाक्य, त्याचं इंग्रजी, मग नियम, मग पुन्हा वाक्यं. व्याकरणाला जोड म्हणून ‘रेन अँड मार्टिन’ होतं. त्यातला रेन म्हणजे पी. सी. रेन, मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात नोकरी केलेला आणि पुढे ‘बो जेस्ट’ या साहसकादंबरीने जगभर नाव कमावलेला. परदेशी सैन्यातल्या शिपायांच्या कहाण्या लिहिणाऱ्या माणसाच्या नावाचं व्याकरण आपण पाठ केलं, ही गंमत फारशी कुणाला ठाऊक नसते. या पुस्तकांनी कारकून घडवले, वकील घडवले, अर्ज आणि अहवाल लिहिणारी माणसं घडवली. बोलणारी माणसं घडवणं हे त्यांचं कामच नव्हतं.

दरम्यान इंग्रजी कुठल्या इयत्तेपासून शिकवायची यावर महाराष्ट्राने बरीच खळखळ केली. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यातल्या बाळासाहेब खेरांच्या सरकारने ती आठवीवर नेली. पुढे ती पाचवीत आली आणि २००० साली रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना थेट पहिलीत. वाद गाजला तो ‘केव्हा’चा. ‘कोण शिकवणार’ या प्रश्नावर त्या मानाने चर्चा कमीच झाली. संस्था नव्हत्या असं नाही. हैदराबादेत १९५८ मध्ये केंद्रीय इंग्रजी संस्था निघाली, तीच आजचं इंग्रजी आणि परकीय भाषा विद्यापीठ. तिथला इंग्रजी अध्यापनाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम देशभरच्या शिक्षकांनी केला. महाराष्ट्राने औरंगाबादेत इंग्रजी शिक्षणाची राज्य संस्था चालवली. भोपाळची प्रादेशिक शिक्षण संस्था मध्य प्रदेशाबरोबर महाराष्ट्र आणि गोव्याचंही काम पाहते. दापोऱ्याच्या दृष्टीने ही जोड सोयीची आहे. पण या संस्था नोकरीत असलेल्यांच्या किंवा शिक्षक व्हायचं पक्कं ठरवलेल्यांच्या. एकोणिसाव्या वर्षी बी.ए.ला बसलेल्या आणि पुढे काय करायचं हे न ठरलेल्या मुलामुलींसाठी मधलं दार नव्हतं. गौण विषय ते दार होऊ शकतो.

समजा, दापोऱ्याची एक मुलगी बुऱ्हाणपूरला बी.ए. करते. मुख्य विषय इतिहास किंवा अर्थशास्त्र. तिला गौण विषय इंग्रजी अध्यापनाचा आखायचा आहे. सुरुवात कुठून करावी? शहाणपणाचं उत्तर म्हणजे शेवटाकडून: ती कुणाला शिकवणार आहे, हे आधी ठरवायचं. पण त्याहून महत्त्वाचा दुसरा प्रश्न आहे. तिने मध्येच शिक्षण सोडलं तर?

हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी बंगालमध्ये मायकेल वेस्टला पडला होता. ढाक्यात शिक्षकांना प्रशिक्षण देणारा हा इंग्रज अधिकारी. त्याने पाहिलं की बहुतेक मुलं शाळा पुरी करत नाहीत. विम्याचे हप्ते मध्येच थांबवले तर पॉलिसीची काही एक रक्कम हातात पडते, तिला एलआयसीचा एजंट सरेंडर व्हॅल्यू म्हणतो. वेस्टने हाच हिशेब इंग्रजीच्या तासाला लावला. जो मुलगा दोन वर्षांत शाळा सोडेल त्याच्या पदरात काय पडेल? त्याचं उत्तर होतं, आधी वाचायला शिकवा, कारण अर्धवट शिकलेलं वाचन उपयोगी पडतं आणि अर्धवट शिकलेलं व्याकरण पडत नाही. त्याचा ‘बायलिंग्वॅलिझम’ हा ग्रंथ १९२६ मध्ये आला.

नव्या धोरणात पहिल्या वर्षानंतर ४० क्रेडिटांवर प्रमाणपत्र आणि दुसऱ्या वर्षानंतर ८० क्रेडिटांवर पदविका घेऊन बाहेर पडण्याची सोय आहे. कागदावर ही सोय. खेड्यात तिचा अर्थ वेगळा होतो: लग्न ठरलं, वडील आजारी पडले, केळीवर रोग आला आणि फीचे पैसे उरले नाहीत. म्हणून गौण विषयाच्या प्रत्येक वर्षाची सरेंडर व्हॅल्यू काढली पाहिजे. पहिल्या वर्षात ध्वनिशास्त्राची व्याख्या आणि भाषाविज्ञानाचा इतिहास, आणि वर्गात उभं राहणं थेट तिसऱ्या वर्षात, असा क्रम लावला तर एका वर्षात बाहेर पडलेल्या मुलीच्या हाती शून्य येतं. उलट तिने पहिल्याच वर्षी गावातल्या दहा मुलांना वाचायला शिकवलं असेल, कुणी ते पाहून तिला चार गोष्टी सांगितल्या असतील, तर ती घरी बसूनही शिकवणी घेऊ शकते. अमेरिकी रचना इथे उलटी करायला हवी ती एवढ्यासाठी.

आता क्रेडिटांचं गणित. तासिकेच्या एका क्रेडिटला १५ तास लागतात आणि प्रात्यक्षिकाच्या एका क्रेडिटला ३०. २४ पैकी १६ तासिकांना दिले तर २४० तास होतात, उरलेले ८ प्रात्यक्षिकाला दिले तर तेही २४० तास. बाकावरचे आणि शाळेतले तास समसमान. हे ८ तिन्ही वर्षांत वाटायचे: पहिल्या वर्षी २, मग ३ आणि ३. केंब्रिजचं सेल्टा हे जगभर मानलं जाणारं प्रमाणपत्र १२० तासांचं असतं आणि त्यातलं निरीक्षकासमोरचं प्रत्यक्ष शिकवणं फक्त ६ तासांचं. ते ६ तास मात्र चाळणीतून जातात. तेव्हा २४० तासांचा आकडा मोठा दिसतो म्हणून खूश होण्यात हशील नाही. मागच्या बाकावर बसून नोंदी करणारं कुणी नसेल तर फील्ड प्रोजेक्टच्या नावाखाली सही-शिक्क्याची फाईल तेवढी तयार होईल. अशा फायली किती सुबक बांधल्या जातात हे प्रत्येक पदवीधराला ठाऊक आहे.

महाविद्यालयात इंग्रजी अध्यापनाचा गौण विषयच नसेल तर? मग जुळवाजुळव करावी लागते. गौण विषय म्हणून इंग्रजी, वैकल्पिक म्हणून मानसशास्त्र किंवा शिक्षणशास्त्र, फील्ड प्रोजेक्ट जवळच्या माध्यमिक शाळेत, आणि भाषाविज्ञान ‘स्वयम्’ या सरकारी ऑनलाइन मंचावरून. एका सत्रातल्या अभ्यासक्रमांपैकी ४० टक्क्यांपर्यंत ऑनलाइन घेता येतात, विद्यापीठाने मान्य केले तर. हे ‘तर’ महत्त्वाचं आहे. प्रवेश घेण्याआधी विभागप्रमुखांकडून लेखी मंजुरी घ्यावी, नाहीतर परीक्षा पास होऊनही गुणपत्रिकेवर क्रेडिट चढत नाहीत.

तासिकांच्या १६ क्रेडिटांत काय असावं? पद्धतींचा इतिहास थोडक्यात आटपावा. मूल्यमापनाला जागा द्यावी, पण ती पाठांतर मोजणाऱ्या प्रश्नपत्रिकांपलीकडची. सगळ्यात जास्त वेळ द्यावा तो शिकणाऱ्याच्या मूळ भाषांवर. इथे दापोऱ्याच्या मुलीचं पारडं लंडनच्या शिक्षकापेक्षा जड आहे. पीटर मेजेश या हंगेरियन अभ्यासकाने १९९४ मध्ये परभाषक शिक्षकावर आख्खं पुस्तक लिहिलं. त्याचं म्हणणं असं की ज्याने ती भाषा स्वतः धडपडून शिकली, त्याला शिकणारा कुठे अडखळेल हे आधीच कळतं.

मूल कुठे अडखळतं हे एका शब्दापुरतं पाहू. चेंडूफळीतली इंग्रजी फळी मराठी वर्तमानपत्रात ‘बॅट’ छापली जाते, हिंदी पुस्तकात ‘बैट’. दोन्ही लिपी देवनागरीच. मराठी वळणाने वाचणारं मूल ‘बैट’चा उच्चार ‘बइट’च्या जवळ नेतं. शाळेत हिंदी आणि घरी मराठी असलेल्या मुलाला एकाच इंग्रजी स्वरासाठी दोन खुणा भेटतात, आणि दोन्हींचा उच्चार त्याच्या तोंडी वेगळा. तो चुकतो तेव्हा ते मठ्ठपणाचं लक्षण नसतं. पुढे ‘शिप’ आणि ‘शीप’: मराठीत ऱ्हस्व-दीर्घ लिहिण्यात कटाक्षाने पाळतात, पण बोलण्यात त्यावर अर्थ सहसा अडत नाही. म्हणून जहाज आणि मेंढी यांचा गोंधळ होतो. इंग्रजीतले दोन वेगळे ‘व’ मराठीच्या एका ‘व’मध्ये सामावून जातात. हिंदीच्या सवयीने ‘इस्कूल’ होतं, मराठीच्या सवयीने सहसा होत नाही. वर्गात कोरकू किंवा बारेली बोलणारी मुलं असतील तर त्यांच्या अडचणी आणखी निराळ्या, त्या बसून ऐकाव्या लागतील.

व्याकरणातही हेच. मराठीत इंग्रजीसारखं उपपद नाही, त्यामुळे ‘अ’ आणि ‘द’ गाळले जातात किंवा नको तिथे घुसतात. मराठीत खुर्ची ‘ती’ आणि टेबल ‘ते’; इंग्रजीत दोघांनाही एकच सर्वनाम. प्रश्न विचारताना मराठी माणूस वाक्य तसंच ठेवून शेवटी ‘का’ लावतो, म्हणून इंग्रजीतही शब्द जागचे न हलवता नुसता सूर चढवतो. स्टीफन पिट कॉर्डर या ब्रिटिश भाषावैज्ञानिकाने १९६७ च्या एका निबंधात सांगितलं की चुका म्हणजे शिकणाऱ्याच्या डोक्यात चाललेल्या कामाचा पुरावा. हा पुरावा गोळा करणं हे गौण विषयाचं उत्तम प्रकल्पकार्य ठरेल. ३० मुलांच्या वह्या, त्यातल्या चुका, प्रत्येक चुकीमागची भाषा. असं काम बुऱ्हाणपुरात बसून जितकं चांगलं होईल तितकं ऑक्सफर्डमध्ये होणार नाही.

पद्धतीचा प्रश्न आला की एन. एस. प्रभूंना वळसा घालून जाता येत नाही. १९७९ ते १९८४ या काळात त्यांनी बंगळूर आणि इतर ठिकाणच्या साध्या शाळांत एक प्रयोग केला. व्याकरण शिकवायचंच नाही, मुलांना इंग्रजीतून सोडवायचं कोडं द्यायचं: नकाशा, रेल्वेचं वेळापत्रक, पैशाचा हिशेब. डोकं कोड्यात गुंतलं की भाषा आपोआप बसत जाते, असं त्यांचं गृहीत. १९८७ च्या त्यांच्या पुस्तकानंतर ‘टास्क’ हा शब्द जगभरच्या इंग्रजी शिक्षकांच्या तोंडी रुळला. भारतीय शाळेतून निघून जगात गेलेली ही पद्धत भारतातल्याच बऱ्याच शिक्षकांना परदेशी वाटते, हे नवलच.

दापोऱ्यात टास्क शोधायला लांब जायला नको. आठवीचा वर्ग आहे. प्रत्येक बाकावर दोन मुलं. एकाकडच्या कागदावर पाच शेतकऱ्यांच्या केळीचं वजन, दुसऱ्याकडे बुऱ्हाणपूरच्या केळी मंडीतले पाच व्यापाऱ्यांचे क्विंटलचे भाव. कागद एकमेकांना दाखवायचा नाही, विचारायचं फक्त इंग्रजीत, आणि कुणाचा माल कुणाला दिला तर पैसे जास्त होतील ते ठरवायचं. मुलांना मंडी पाठ आहे, लिलाव कसा चालतो ते माहीत आहे. शब्द तेवढे हवेत: घडाला बंच, फणीला हँड, एकेका केळ्याला फिंगर. ‘हाऊ मच’ आणि ‘हाऊ मेनी’ यांतला फरक इथे नियम न सांगता कळतो, कारण वजन मोजायचं असतं आणि खोकी गणायची. पहिली दहा मिनिटं वर्गात मराठीच चालेल. नवशिकी शिक्षिका घाबरेल आणि ‘ओन्ली इंग्लिश’ म्हणून ओरडेल. निरीक्षकाने तिला तासानंतर एवढंच विचारावं की मुलं मराठीत काय बोलत होती. ती हिशेबच करत असतील तर काही बिघडलेलं नाही. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ नेही वर्गातल्या अनेक भाषांना साधन मानलंय.

दुसरा टास्क पंजाब मेलचा. बुऱ्हाणपूरला थांबून भुसावळकडे जाणारी ही गाडी गावाच्या ओळखीची. वेळापत्रक इंग्रजीत, प्रश्न इंग्रजीत. मुंबईत सकाळी दवाखान्यात पोचायचं तर आदल्या दिवशी कधी निघावं? प्रभूंनी चार दशकांपूर्वी जे केलं तेच, फक्त स्टेशनं आपली.

या सगळ्याचं पुढे काय होतं, ते भाबडेपणा बाजूला ठेवून पाहायला हवं. या गौण विषयाच्या जोरावर सरकारी शाळेत नोकरी मिळणार नाही. तिथे डी.एल.एड. किंवा बी.एड. आणि शिक्षक पात्रता परीक्षा लागतेच. बी.एड. २०१५ पासून दोन वर्षांचं झालं आणि त्यात २० आठवडे शाळेत काढावे लागतात. गौण विषय केलेल्याला तो काळ जड जाणार नाही, एवढाच फायदा. इग्नूचा सहा महिन्यांचा इंग्रजी अध्यापन प्रमाणपत्र अभ्यासक्रम मागाहून जोडता येतो. परदेशी जाऊन शिकवण्याच्या जाहिराती मोबाईलवर रोज येतात, त्यांना भुलण्याआधी नियम वाचावेत. दक्षिण कोरिया संभाषणाच्या इंग्रजीसाठीचा व्हिसा मुख्यतः अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, आयर्लंड आणि दक्षिण आफ्रिका या सात देशांच्या नागरिकांना देतो. तिथे पासपोर्ट आधी आणि प्रमाणपत्र नंतर.

जवळचं काम मात्र बरंच आहे. शिकवण्या आहेत, खासगी शाळा आहेत, केळी निर्यात करणाऱ्यांना ईमेल आणि पॅकिंगचे इंग्रजी कागद हवे असतात. आखाती देशांत माल पाठवणारे रावेर-सावद्याकडे आहेत, आणि त्यांच्याकडे कामाला लागणाऱ्या मुलांना साहित्य नको, खोक्यावरचं लेबल, तापमानाची नोंद आणि तक्रारीचं उत्तर लिहिता यायला हवं. प्रौढांना शिकवण्याचा एखादा क्रेडिट प्रात्यक्षिकात ठेवावा तो यासाठी.

उरला सीमेचा प्रश्न. दापोऱ्याची मुलगी लग्न होऊन किंवा मामाकडे राहायला म्हणून जळगाव जिल्ह्यात गेली तर तिचे क्रेडिट तिच्याबरोबर जायला हवेत. २०२१ मध्ये सुरू झालेल्या अॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये ते सात वर्षांपर्यंत जमा राहतात, आणि तत्त्वतः कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात ते वापरता येतात. तिथला गौण विषय १८-२० क्रेडिटांचा, आयोगाच्या आराखड्यातला २४ चा. कुठला अभ्यासक्रम कशाच्या बदल्यात धरायचा हे नवं विद्यापीठ ठरवतं, आणि ठरवताना ते फक्त नाव आणि क्रेडिटांचा आकडा बघत नाही, पाठ्यक्रमाची प्रतही मागतं. त्यामुळे प्रत्येक सत्राच्या शेवटी पाठ्यक्रम, प्रात्यक्षिकाची वही आणि निरीक्षकाच्या शेऱ्यांच्या प्रती सही-शिक्क्यानिशी घरी आणून ठेवाव्यात. क्रेडिट खात्यावर चढले आहेत की नाही तेही त्याच आठवड्यात तपासावं, कारण नोंद करायची असते महाविद्यालयाने, आणि तिथला बाबू बदलला की मागची सत्रं शोधायला कुणी बसत नाही.